बारनिशी आपल्याच टेबलावर

तहसील कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत कागद घेऊन गेलेल्या माणसाला साहेबाची खोली शोधायची घाई असते. पण कचेरीतला पहिला माणूस साहेब नसतोच. दाराशेजारच्या टेबलावर जाडजूड नोंदवही, शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन बसलेला बारनिशीचा कारकून हा तो पहिला माणूस. तो तुमचा अर्ज वाचत बसत नाही. विषयाची ओळ पाहतो, आवक क्रमांक घालतो, शिक्का मारतो, तुमच्या प्रतीवर पोच देतो आणि कागद त्या त्या टेबलाकडे रवाना करतो. अर्ज मंजूर करण्याचा त्याला काडीचाही अधिकार नाही. तरी तो आठवडाभर रजेवर गेला की कचेरी आंधळी होते. कोणता कागद कधी आला, कोणाकडे गेला आणि कुठे अडकला, हे सांगणारे कोणी उरत नाही.

वर्कफ्लो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात ही बारनिशी म्हणजे मेसेज राउटर. घरात कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेली वाय-फायची डबी इथे अभिप्रेत नाही. हा राउटर म्हणजे एक प्रोग्रॅम. बाकीचे प्रोग्रॅम एकमेकांना निरोप धाडतात तेव्हा ते थेट एकमेकांकडे न जाता याच्या हाती देतात, आणि हा ते पत्त्यानुसार पोचवतो. रॅबिटएमक्यू, मॉस्किटो, क्रॉसबार ही त्यातली काही ओळखीची नावे.

माझे म्हणणे साधे आहे. हा राउटर वर्कफ्लोवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर उभा असला पाहिजे. कंपनीच्या सामाईक सर्व्हरवर तो आहे, एवढे पुरत नाही. अनेक ठिकाणी ही बाब सोयीची किंवा आवडीनिवडीची मानली जाते. माझ्या मते ती समजुतीची कसोटी आहे. जी बारनिशी आपल्याला आपल्या टेबलावर मांडता येत नाही, ती आपल्याला कळलेलीच नसते.

आधी बारनिशी लागते कशाला ते पाहू. एखाद्या पतसंस्थेतले कर्जाचे प्रकरण घ्या. अर्ज येतो, जामीनदारांची कागदपत्रे तपासली जातात, शाखाधिकारी शिफारस करतो, कर्ज समिती मंजुरी देते, रक्कम खात्यात जमा होते आणि सभासदाच्या मोबाइलवर संदेश जातो. यातल्या प्रत्येक पायरीमागे वेगळा प्रोग्रॅम आहे असे समजा. प्रत्येक प्रोग्रॅमने पुढच्याला थेट हाक मारायची ठरवली, तर संदेश पाठवणारी सेवा रात्री बंद पडल्याबरोबर कर्जाचे वितरणही अडते. मोबाइलवर संदेश जाणे आणि पैसे जमा होणे यांचा खरे तर काही संबंध नाही. आपण दोघांना एकाच दोरीला बांधले म्हणून एक पडला की दुसरा ओढला जातो. मध्ये राउटर असला की वितरणाचा प्रोग्रॅम फक्त सांगतो, ‘अमुक कर्ज दिले.’ हे कोणाला हवे आहे याची चौकशी त्याला करावी लागत नाही. संदेश पाठवणारा प्रोग्रॅम सकाळी उठला की रांगेत थांबलेले निरोप उचलतो. उद्या हिशेब तपासनिसाला तेच निरोप हवे झाले, तर जुन्या प्रोग्रॅममधली एक ओळही न बदलता त्याची वेगळी रांग जोडता येते.

ही कल्पना पैशाच्या बाजारात वाढली, हा योगायोग म्हणता येणार नाही. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्सने १९८०च्या दशकात ‘इन्फर्मेशन बस’ अमेरिकेतल्या शेअरबाजाराच्या दलालपेढ्यांमध्ये नेली. संगणकाच्या आत जशी एक सामाईक बस असते आणि नवे कार्ड त्यात नुसते खोचता येते, तसेच प्रोग्रॅमही एका सामाईक वाहिनीत खोचता यावेत, हा तो विचार. पुढे १९९७मध्ये निघालेल्या टिब्को या कंपनीच्या नावातही ती बस दडलेली आहे. आयबीएमचे एमक्यूसीरिज १९९३मध्ये आले. ही सगळी विकतची, बंदिस्त घरे होती. एकाचा निरोप दुसऱ्याच्या दारात जात नसे. त्याला कंटाळून जेपी मॉर्गन चेस बँकेत जॉन ओहारा यांनी २००३च्या सुमारास खुल्या प्रोटोकॉलचे काम सुरू केले. त्यातून एएमक्यूपी आला, आणि तो बोलणारा रॅबिटएमक्यू २००७मध्ये बाहेर पडला. तो अर्लांग भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली गेली होती. रॅबिटएमक्यूत निरोप जिथे प्रथम येतो त्या जागेला आजही ‘एक्स्चेंज’ म्हणतात.

एक्स्चेंजमध्ये आलेल्या निरोपाला वाट कशी सापडते, हे मराठी माणसाला समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. आपल्या पत्त्याखालचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नावाजलेले कवी. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या, शुद्धलेखनाच्या शंभर तऱ्हा, या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. पहिला आकडा ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यातले. ४११ दिसले की पुण्याच्या थैलीत. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या टपाल कचेरीचे. ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ. थैल्या भरणाऱ्याला पाकीट उघडावे लागत नाही, आतली भाषा यावी लागत नाही, गावाचे नावही धड वाचावे लागत नाही. राउटरमध्ये प्रत्येक निरोपावर असाच एक पत्ता असतो, त्याला राउटिंग की म्हणतात. ‘कर्ज.मंजूर.पुणे’ असा टिंबांनी तोडलेला. एखादी रांग म्हणते, मला पुण्याचे सगळे द्या. दुसरी म्हणते, गाव कोणतेही असो, मंजूर झालेले तेवढे द्या. राउटर फक्त पत्ता जुळवतो.

वेलणकरांच्या योजनेतले शहाणपण यातच आहे: वर्गीकरण करणाऱ्याला मजकुराची जाण लागू नये. सॉफ्टवेअरच्या दुनियेला हे शहाणपण मध्यंतरी विसरायला झाले होते. २०००च्या दशकात मोठमोठ्या कंपन्यांनी ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ नावाखाली राउटरच्याच पोटात नियम कोंबले: पाच लाखांपेक्षा मोठे कर्ज असेल तर इकडे, जामीनदार सरकारी नोकर असेल तर तिकडे. बारनिशीचा कारकूनच कर्ज मंजूर करू लागला. मग कर्जाचा नियम बदलायचा तर टपालाची यंत्रणा उघडावी लागे, आणि ती उघडणारे दोनच लोक कंपनीत असत. ही घसरण का झाली याचे एक कारण मला असे दिसते की ती बस कोणाच्याही स्वतःच्या मशीनवर चालत नव्हती. ती दूर कुठेतरी, वेगळ्या खात्याच्या ताब्यात होती. जी गोष्ट रोज आपल्या हाताने मांडावी लागत नाही, तिच्यात अडगळ किती साठली हे कळत नाही. रोज सकाळी घर मांडणारा माणूस सामान मोजकेच ठेवतो.

आता नेहमीची रीत पाहा. बहुतेक चमूंमध्ये एक ‘डेव्ह सर्व्हर’ असतो. त्यावर एकच राउटर, आणि आठ-दहा जण आपापल्या लॅपटॉपवरून त्याला जोडलेले. नवा मुलगा रुजू झाला की त्याला सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड लिहिलेली फाइल मिळते. राउटर म्हणजे काय, हे त्याला त्या फाइलीपलीकडे कळत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मीही असाच एका कंपनीत होतो. मंजुरीचा निरोप धाडायचा आणि वितरण होते की नाही ते पाहायचे, एवढेच काम होते. मी दहा निरोप धाडले; माझ्या प्रोग्रॅमला पाच मिळाले. पुन्हा दहा धाडले, पुन्हा पाच. दुपारभर मी माझा कोड उलटासुलटा करून पाहिला. आकडा इतका नेमका अर्धा येत होता की तिथेच शंका यायला हवी होती, पण ती आली नाही. संध्याकाळी उलगडा झाला: पलीकडच्या रांगेतल्या सहकाऱ्याने तोच प्रोग्रॅम सकाळी चालू करून ठेवला होता आणि तो सुट्टी टाकून घरी गेला होता. एका रांगेला दोन घेणारे असले की राउटर त्यांना आळीपाळीने निरोप वाटतो, हा त्याचा धर्मच. माझी निम्मी कर्जे त्याच्या बंद पडद्याच्या लॅपटॉपवर गुपचूप वितरित होत होती. यावर वरिष्ठांनी काढलेला तोडगा असा: प्रत्येकाने रांगेच्या नावापुढे आपले नाव जोडावे. महिन्याभरात सर्व्हरवर सोडून गेलेल्या माणसांच्या नावांच्या रांगा साचल्या, त्यांत कोणी न उचललेले हजारो निरोप, आणि पुसायची कोणाची हिंमत नाही, कारण यातले कोणते खरोखर लागते हे कोणालाच ठाऊक नाही. दोष त्या सहकाऱ्याचा नव्हता, त्या वरिष्ठांचाही नव्हता. एका बारनिशीवर दहा कचेऱ्या चालवण्याच्या रीतीचा तो दोष होता.

आपल्या मशीनवर राउटर उभा करायला आज फार तर दहा मिनिटे लागतात. डॉकर असेल तर एका ओळीच्या आज्ञेत रॅबिटएमक्यू खाली उतरतो आणि चालू होतो. प्रोग्रॅमांसाठी त्याचे दार क्रमांक ५६७२, माणसांसाठी १५६७२. ब्राउझरमध्ये दुसरे दार उघडले, नाव ‘गेस्ट’ आणि पासवर्डही ‘गेस्ट’ दिला की रांगांचा तक्ता समोर येतो. त्यात प्रत्येक रांगेपुढे दोन आकडे महत्त्वाचे. ‘रेडी’ म्हणजे उचलायला तयार निरोप, आणि ‘अनॅक्ड’ म्हणजे कोणीतरी उचलले आहेत पण पोच दिलेली नाही असे. हा तक्ता दर काही सेकंदांनी आपोआप ताजा होतो. नव्या मुलांना मी हा तक्ता उघडा ठेवून तीन खेळ करायला लावतो.

पहिला खेळ शुद्धलेखनाचा. पत्ते आम्ही मुद्दाम मराठीत लिहितो. रांग जोडलेली असते ‘कर्ज.मंजूर’ला. निरोप धाडायचा ‘कर्ज.मंजुर’वर, जू ऱ्हस्व करून. काय होते? काहीच नाही. धाडणाऱ्याला चूक कळवली जात नाही, कुठे लाल अक्षरे उमटत नाहीत, तक्त्यातला आकडा शून्यच राहतो. पत्ता कोणत्याही रांगेशी जुळला नाही तर राउटर निरोप मुकाट टाकून देतो. ‘पोचला नाही तर परत पाठव’ असे धाडणाऱ्याने आधी बजावले असेल, किंवा बेवारस निरोपांसाठी वेगळी जागा नेमली असेल, तरच तो वाचतो. टपाल खात्यालाही पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी स्वतंत्र कार्यालय काढावे लागले, ते का, हे मुलांना त्या एका उकारात समजते.

दुसरा खेळ पोचपावतीचा. वितरणाच्या प्रोग्रॅममध्ये खात्यात ५०,००० रुपये जमा करायचे, मग वीस सेकंद थांबायचे, आणि नंतर राउटरला पोच द्यायची. निरोप धाडला की तक्त्यात अनॅक्डखाली १ दिसतो. खात्यात पैसे जमा झालेले असतात. त्या वीस सेकंदांत प्रोग्रॅम मारून टाकायचा. क्षणभराने अनॅक्डचा १ पुसला जातो आणि तोच १ रेडीखाली येऊन बसतो. राउटरच्या दृष्टीने पोच आलेली नाही, म्हणजे काम झालेले नाही. प्रोग्रॅम पुन्हा चालू केला की तोच निरोप पुन्हा येतो, ‘हा एकदा दिला होता’ अशी खूण लावून. आणि खात्यात एक लाख होतात.

हा क्षण पाहण्यासारखा असतो. पुस्तकात ‘किमान एकदा पोचवणे’ हे शब्द सगळ्यांनी वाचलेले असतात, परीक्षेत लिहिलेलेही असतात. पण आपल्या हाताने मारलेल्या प्रोग्रॅममुळे सभासदाच्या खात्यात दुप्पट रक्कम पडलेली पाहिली की ‘किमान’ या शब्दाचे वजन कळते. ‘म्हणजे पोच आधी द्यायची का?’ असे कोणीतरी विचारतेच. देऊन पाहा म्हणावे. मग पोच दिल्यावर आणि पैसे जमा व्हायच्या आधी प्रोग्रॅम मेला, तर सभासदाला काहीच मिळत नाही आणि राउटरकडे निरोपही उरत नाही. दोन्हीकडून विहीर. यावरचा इलाज राउटरकडे नाही, तो बारनिशीच्या जुन्या नोंदवहीत आहे: आवक क्रमांक. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक, आणि वितरणाच्या प्रोग्रॅमने पैसे जमा करताना त्याच व्यवहारात तो क्रमांकही नोंदवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर मुकाट्याने पोच द्यायची, पैशाला हात लावायचा नाही.

तिसरा खेळ राउटरच बंद करून पुन्हा चालू करण्याचा. टिकाऊ म्हणून न घोषित केलेली रांग नाहीशी होते. रांग टिकाऊ असली तरी ज्या निरोपांवर टिकाऊपणाची खूण नाही ते जातात. डॉकरचा कंटेनर नव्याने बांधला आणि त्याला ठरावीक यजमान-नाव दिले नाही, तर डेटा जपून ठेवला असूनही राउटर रिकामा उठतो, कारण तो आपली वही आपल्या नावाच्या कपाटात ठेवतो आणि नाव बदलले की कपाट सापडत नाही. सामाईक सर्व्हरवर हे तिन्ही खेळ करता येतील का? तिसरा तर करूच देणार नाहीत. पहिले दोन केले तर दहा जणांच्या शिव्या खाव्या लागतील. मोडून पाहण्याची मुभा नसेल तर कळण्याचा रस्ता बंद होतो, आणि ही मुभा फक्त आपल्या टेबलावर मिळते.

या मुभेचा आणखी एक फायदा आहे: राउटरचे काम कुठे संपते ते दिसते. सरकारी कचेऱ्यांत ब्रिटिश अमदानीतल्या अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने घालून दिलेली सहा गठ्ठे पद्धत महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. कार्यवाही चालू असलेली प्रकरणे एका गठ्ठ्यात, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात, मग नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि शेवटी नाश करायचे. हे गठ्ठे बारनिशीत नसतात, ते त्या त्या कारकुनाच्या टेबलावर असतात. वर्कफ्लो लिहिणाऱ्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे प्रतीक्षाधीन गठ्ठा बारनिशीतच रचणे. जामीनदाराची सही यायला बारा दिवस लागणार, म्हणून तो निरोप पोच न देता हातात धरून ठेवायचा. रॅबिटएमक्यूच्या हल्लीच्या आवृत्त्यांत पोच न देता निरोप धरून ठेवायची ठरीव मर्यादा ३० मिनिटांची आहे. ती उलटली की राउटर वाहिनी बंद करतो आणि निरोप परत रांगेत टाकतो. आपल्या लॅपटॉपवर चहा पिऊन परत येईपर्यंत हे घडते आणि चूक उमगते. प्रकरण कोणत्या पायरीवर आहे याची नोंद डेटाबेसमध्ये किंवा वर्कफ्लो इंजिनात हवी. राउटरने फक्त वाहून न्यावे.

याला विरोध करणारी माणसे अडाणी नाहीत, त्यांचे आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत.

पहिला आक्षेप असा, की लॅपटॉपवरचा राउटर खोटा दिलासा देतो. तिथे नेटवर्क नाही, उशीर नाही, तीन मशीनची जोडणी नाही. हे खरे आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पीटर डॉइच यांनी १९९४च्या सुमारास वितरित यंत्रणांविषयीच्या भाबड्या समजुतींची यादी केली. त्यात पहिलीच समजूत ‘नेटवर्क भरवशाचे असते’ ही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तर १९८७मध्ये एका ई-मेलमध्ये वितरित यंत्रणेची थट्टेने अशी व्याख्या केली होती की जिचे अस्तित्वही आपल्याला माहीत नाही असे कुठलेतरी मशीन बंद पडले आणि आपले काम ठप्प झाले, तर समजावे की आपण वितरित यंत्रणेत आहोत. १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच स्वतःशी बोलताना, यातले काही अनुभवाला येत नाही. पण यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? घरचा राउटर टाकून द्यावा हा नव्हे; त्याला मुद्दाम नाठाळ करावे, हा. टॉक्सिप्रॉक्सीसारखी साधने मध्ये बसवून वाहिनीत उशीर घालता येतो, ती मध्येच तोडता येते. शिवाय सामाईक सर्व्हर तरी कुठे खऱ्या जगासारखा असतो? तोही एकच मशीन, कचेरीतल्याच तारेवर. तो नाठाळ असतो खरा, पण केव्हा आणि का हे आपल्या हातात नसते. एकत्र जोडणीच्या चाचणीसाठी सामाईक सर्व्हर जरूर असावा. ती परीक्षा आहे. अभ्यास घरी करायचा असतो.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: एवढा पसारा हवाच कशाला? एका शाखेची पतसंस्था, एक डेटाबेस, दिवसाला चाळीस प्रकरणे. तिथे डेटाबेसमधला एक तक्ताच रांगेचे काम करू शकतो. पोस्टग्रेस ९.५पासून कुलूप लागलेली ओळ सोडून पुढची ओळ उचलण्याची सोय आहे, त्यामुळे दोन प्रोग्रॅम एकाच प्रकरणावर झडप घालत नाहीत. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. अशा ठिकाणी राउटर बसवणे म्हणजे दोन माणसांच्या कचेरीत बारनिशी शाखा उघडणे. पण हे ठरवायला कोण लायक? ज्याने दोन्ही आपल्या मशीनवर चालवून पाहिले आहेत तो. दुरून पाहणाऱ्याला राउटर एक तर जादू वाटतो किंवा थोतांड. पहिला गरज नसताना बसवतो, दुसरा गरज असताना टाळतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो बहुतेक वेळा माहिती तंत्रज्ञान खात्याकडून येतो: लॅपटॉपवर अशी दारे उघडली तर धोका. धोका आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे सांगता आले पाहिजे. रॅबिटएमक्यू स्वतः ‘गेस्ट’ला फक्त त्याच मशीनवरून आत घेतो. पण डॉकरच्या अधिकृत प्रतिमेत ही अट सैल केलेली असते, आणि डॉकरला दार उघडायला सांगितले की तो ते सगळ्या नेटवर्कसाठी उघडतो. दोन्ही मिळून कॅफेतल्या शेजाऱ्यालाही तुमच्या राउटरमध्ये ‘गेस्ट-गेस्ट’ म्हणून शिरता येते. उपाय एवढाच, की दार उघडताना पुढे १२७.०.०.१ लिहायचे. मनाई करणाऱ्या परिपत्रकापेक्षा ही एक ओळ जास्त उपयोगाची. बंदी घातली की मुले शिकत नाहीत, आणि पुढे खऱ्या सर्व्हरवर तीच चूक करतात.

राहिला खर्चाचा प्रश्न, तर तो उलट बाजूने पाहायला हवा. मेघावरच्या सेवांना बहुतेक वेळा कार्ड लागते, सलग इंटरनेट लागते. रॅबिटएमक्यू मोझिला परवान्याखाली मोफत आहे आणि आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर सुखाने चालतो. मॉस्किटो तर त्याहून कितीतरी हलका. एमक्यूटीटी नावाची जी भाषा तो बोलतो ती १९९९मध्ये तेलवाहिन्यांवरच्या यंत्रांसाठी, महागड्या आणि तुटक उपग्रह-संपर्कावर चालावी म्हणून घडवली गेली. लातूर, नांदेड किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयातल्या मुलीला हिंजवडीतल्या मुलाशी बरोबरी करायला एवढे पुरते. दुपारी वीज गेली आणि नेट तुटले तरी तिची बारनिशी चालू राहते. आपल्याकडे संगणकशास्त्राची मुले नेटवर्कचे सात थर घोकून येतात, आणि रांगेत अडकलेला एक निरोप त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. टेम्पोरलसारख्या नव्या वर्कफ्लो इंजिनांनी एका आज्ञेत आपल्या मशीनवर उभा राहणारा छोटा सर्व्हर सोबतच द्यायला सुरुवात केली आहे. ही साधने घडवणाऱ्यांना जे पटले, ते शिकवणाऱ्यांना आणि चमू चालवणाऱ्यांना पटायला काय हरकत आहे?

म्हणून चमू चालवणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या सोमवारी नवा मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की सर्व्हरचा पत्ता लिहिलेली फाइल देऊ नका. कोरा लॅपटॉप द्या आणि दुपारपर्यंत राउटर उभा करायला सांगा. अडले तर समजा की अडचण त्यांच्यात नसून तुमच्या मांडणीत आहे, आणि ती त्याच दिवशी दुरुस्त करा. राउटर उभा राहिला, निरोप जाऊ-येऊ लागले की शाबासकी द्या. आणि मग, निरोप वाटेत असतानाच, तो राउटर बंद करायला सांगा.